फोटो पास, अल्बम नापास

लेकीच्या लग्नाचे फोटो एका फोटोग्राफर मुलीकडून काढून घेतले, त्याबद्दल लिहितोय. आधी हिशेब सांगतो. दोन दिवसांचं काम, हळद आणि लग्न. ती स्वतः, जोडीला एक फोटोग्राफर मुलगा आणि दिवे धरायला एक पोरगा. १,२५,००० रुपये, वर १८ टक्के जीएसटी, अल्बमचे २२,००० वेगळे. माझं मत असं: पोर्ट्रेटसाठी तिला डोळे मिटून बोलवा, स्टेजवरच्या रांगेच्या फोटोंसाठी दुसरा माणूस बघा, आणि अल्बम तिच्याकडून करून घेऊ नका. ज्यांना एवढंच हवं होतं त्यांनी पुढच्या कामाला लागावं, लग्नघरात कामं काय कमी असतात का.

नाव लिहीत नाही. पुढे तक्रारी आहेत, आणि कोथरूडला एका वन बीएचकेत एकटीने धंदा उभा करणाऱ्या पोरीला माझ्या तक्रारी जन्मभर चिकटाव्यात अशी इच्छा नाही. तुम्ही म्हणाल, नावच नाही तर वाचायचं कशाला. तर अशासाठी, की तुम्ही ज्याला कुणाला ठरवाल त्याला ॲडव्हान्स देण्याआधी चार प्रश्न विचारता येतील.

माझी पात्रता इतकीच, की शनिवार पेठेतल्या एका छापखान्यात मी ३१ वर्षं प्रोसेस खात्यात, म्हणजे चित्रं छपाईसाठी तयार करायच्या विभागात काढली. आधी कॅमेरा, मग ड्रम स्कॅनर, मग कॉम्प्युटर. श्रावण लागला की दिवाळी अंकांची मुखपृष्ठं यायला लागायची. मुखपृष्ठ म्हणजे बाईचा चेहरा, अंगावर पैठणी, हातात दिवा. राजा रविवर्म्याने १८९४ साली मुंबईत काढलेला छापखाना पुढे मळवलीला गेला, आणि तिथल्या लिथोच्या चित्रांनी घरोघरी देव्यांचे चेहरे नेले. तेव्हापासून आपल्याकडे बाईचा चेहरा कसा छापावा याचं एक वळण पडलंय. त्या लिथोत एकेका रंगाला वेगळा दगड असायचा. आमच्याकडे चार प्लेटी: सायन म्हणजे निळसर, मॅजेंटा म्हणजे गुलाबीसर, पिवळा आणि काळा. आपल्या कातडीला पिवळा मॅजेंटाहून किंचित जास्त लागतो आणि सायन साधारण तिसरा हिस्सा, सावळ्या माणसाला त्याहून थोडा वर. तो सायन ओढून काढला की बाई गोरी होते. मेणाचीही होते, पण तिकडे कोण बघतो. संपादक असो की जाहिरातदार, खुर्चीमागे उभं राहून सगळे एकच सांगायचे, "जरा उजळ करा ना." मी ते इमानेइतबारे केलेलं आहे.

माझी लेक सावळी आहे, आईवर गेलीय. आमच्या हिचा १९८७ सालचा, स्थळांना दाखवायला काढलेला फोटो अजून घरात आहे. स्टुडिओतला, ब्लॅक अँड व्हाइट, वेणी खांद्यावरून पुढे घेतलेली. तेव्हा निगेटिव्हवर टोकदार पेन्सिल फिरवून रिटचिंग करायचे. पेन्सिल लागली तिथून उजेड कमी जातो आणि प्रिंटवर तेवढा भाग उजळ येतो. हिच्या गालांवर, कपाळावर, नाकाच्या शेंड्यावर त्या माणसाने अगदी मन लावून पेन्सिल फिरवली होती. आम्ही बघायला गेलो, पोहे झाले, आणि परतताना रिक्षात आई एवढंच म्हणाली, "फोटोत उजळ होती." पुढे लग्न झालं, संसार झाला, दोघी एका घरात गुण्यागोविंदाने नांदल्या. पण ते वाक्य कुणीतरी हिच्या कानावर घातलंच, आणि भांडण कशावरूनही सुरू होवो, वर्षातून एकदा तरी ते निघतंच.

म्हणून लेकीच्या लग्नात मी फोटोचं खातं स्वतःकडे घेतलं. जेवणाचं मेहुण्याकडे, साड्यांचं अर्थात हिच्याकडे.

पाच जणांना भेटलो. चार जणांनी मोबाईल पुढे करून तेच दाखवलं: गाणं लावलेली दीड मिनिटाची फिल्म, धुरात उभी असलेली नवरी, नथीचा असा क्लोजअप की ज्यात बाईच नाही, आणि पानशेतच्या पाण्याकाठी हात पसरलेला नवरदेव. प्रत्येकाला मी म्हटलं, एकाच लग्नाचे सगळे फोटो दाखवा, निवडलेले नकोत. एकाला अचानक मीटिंग आठवली. एकाने "आमची पॉलिसी नाही" म्हणून सांगितलं. या मुलीने मात्र, "एका घरच्यांना विचारून ठेवलंय काका, त्यांचं बघा," असं म्हणून लॅपटॉप माझ्याकडे फिरवला आणि चहा टाकायला आत गेली. सातशे-आठशे फोटो होते. मिटलेल्या डोळ्यांचे होते, हललेले होते, एकात तर कुणाची तरी नुसती कोपरं होती. आणि त्यातली नवरी सावळी होती, शेवटच्या फोटोपर्यंत सावळीच राहिली होती. मानेचा आणि चेहऱ्याचा रंग एक. मी तिथल्या तिथे ॲडव्हान्स दिला. जिना उतरताना ही म्हणाली, "अहो, घासाघीस तरी करायची." खरं आहे, विसरलोच.

करारात एक कलम होतं, की फोटो ती स्वतःच्या जाहिरातीसाठी हवे तसे वापरेल. ते मी पेनाने खोडलं. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या १७ व्या कलमाप्रमाणे, पैसे देऊन काढवून घेतलेल्या फोटोवर पहिला हक्क काढवून घेणाऱ्याचा, वेगळा करार नसेल तर. यातले शेवटचे चार शब्द नीट वाचा, कारण तो वेगळा करार नेमका तुमच्यापुढे सहीसाठी ठेवलेला असतो. ती चिडली नाही. "एखादा आवडला तर विचारीन," म्हणाली. पुढे एका फोटोसाठी खरंच विचारलं. लेक हो म्हणाली, विहीणबाई नको म्हणाल्या, विषय संपला.

लग्नाच्या आठ दिवस आधी ती कार्यालय बघायला आली. एरंडवण्यातलं जुनं कार्यालय. सकाळी सव्वादहालाच या म्हणाली, कारण पोर्ट्रेट त्या वेळी काढायची होती. स्टेजकडे तिने ढुंकून पाहिलं नाही (पुढे ते महागात पडलं, सांगतो), नुसती खिडक्या शोधत हिंडत होती. वधूपक्षाच्या खोलीत पूर्वेचं ऊन थेट तोंडावर. गच्चीवर मांडवाचं भगवं कापड, खाली उभा राहील तो भगवा होणार. शेवटी स्वयंपाकघराच्या पलीकडे भांड्यांची खोली होती तिथे पोचली. पातेली, घमेली, झारे, गुंडाळलेल्या सतरंज्या, पाण्याचे जार. त्या सगळ्याच्या वर, उत्तरेला, दुधी काचेची मोठी खिडकी. "इथे," म्हणाली. मॅनेजर माझ्या तोंडाकडे बघायला लागला. पण मला पटलं. डिसेंबरात उत्तरेच्या खिडकीतून ऊन शिरतच नाही, नुसता उजेड येतो, आणि दुधी काच तो सारखा पसरवते. आमच्या छापखान्यात मापाचे दिवे यायच्या आधी शाईचा रंग जुळवायला आम्हीही कागद घेऊन उत्तरेच्या खिडकीशी पळायचो.

तिने माझ्याकडे चाळीस मिनिटं मागितली. सलग, नातेवाईक सोडून. हिच्या वहीत सकाळचं वेळापत्रक होतं: पुण्याहवाचन, देवक, नाश्ता, गौरीहर, मुहूर्त १२ वाजून १८ मिनिटं. त्यात मी मधे लिहिलं, "१०.१५ ते १०.५५, फोटो, भांड्यांची खोली." ती वही ज्याने ज्याने पाहिली तो हसला.

प्रत्यक्षात मिळाली एकोणीस. मेकअपवालीने उशीर केला, आणि चेहरा मानेपेक्षा दोन छटा वर नेऊन ठेवला. फोटोग्राफरने तिला जरा बाजूला घेऊन सांगितलं, की ही पावडर फ्लॅशमध्ये पांढरी फुटेल, थोडी उतरवा. "ब्राइडलला एवढं लागतंच," असं उत्तर आलं. दोघींचं वाजणार अशी चिन्हं होती. लेकच आरशात बघून म्हणाली, "ताई, पुसा." पुसण्यात अकरा मिनिटं गेली, पण ती गेली हे बरं झालं.

त्या एकोणीस मिनिटांबद्दल सविस्तर लिहितो, कारण मी पैसे त्यासाठी दिले होते.

आत आल्याबरोबर तिने ट्यूब बंद केली. मी म्हटलं, अगं अंधार झाला. "खिडकी निळसर आहे काका, ट्यूब हिरवट. एकेका गालाला एकेक लागली तर नंतर मी कुठला गाल दुरुस्त करू?" वाक्य छापखान्यातलं वाटावं असं. पातेल्यांच्या ढिगावर तिने सतरंजी उलटी करून टाकली, मागे सगळं काळसर झालं. जेवणाच्या टेबलावरचं पांढरं कापड मागवून एका खुर्चीच्या पाठीवर टाकलं आणि ती खुर्ची खिडकीच्या समोरच्या बाजूला सरकवली. खिडकीकडचा गाल उजळ होता, तिकडचा या कापडावरून परतलेल्या उजेडात हळूहळू दिसायला लागला. साडीच्या दुकानात एखादी घडी उलगडावी तसा. तिच्या पोऱ्याकडे दोन मोठे सॉफ्टबॉक्स, म्हणजे मऊ उजेडाचे दिवे होते, ते त्याने बॅगेतून काढलेही नाहीत.

मग नथ. नथ आपल्याकडे डाव्या नाकपुडीत. खिडकी उजवीकडे ठेवली तर नाकाची सावली नथीवर पडते आणि मोती मेल्यासारखे दिसतात. डावीकडे ठेवली तर मोती जिवंत होतात, पण नथीची सावली वरच्या ओठावर येते आणि लांबून मिशी वाटते. तुमच्या घरातले अल्बम काढून बघा, निम्म्या नवरी मुलींना मिशा सापडतील. तिने खिडकी डावीकडे ठेवली आणि लेकीला म्हणाली, "खिडकीकडे बघ. अजून. आता परत, बोटभरच." त्या बोटभर वळण्यात सावली नथीच्याच मागे जाऊन लपली. मी बाजूला उभा राहून बघत होतो, म्हणून दिसलं.

आणि मुंडावळ्या. हा प्रकार परदेशी कॅमेरे बनवणाऱ्यांच्या गावी नसणार. कॅमेरा आपोआप डोळा शोधतो, पण डोळ्याच्या पुढे दोन्ही बाजूंना मोत्यांचे सर लोंबत असले की बेटा मोती धरून बसतो. दीड मीटरवरून ८५ एमएमची लेन्स एफ १.८ ला उघडी ठेवली, तर चेहऱ्याचा स्पष्ट दिसणारा पट्टा असतो जेमतेम साडेतीन सेंटिमीटरचा. मोती स्पष्ट आले की डोळा गेलाच. हल्लीच्या निम्म्या कॅन्डिड फोटोंत हेच होतं आणि त्याला लोक ‘काय ब्लर आलाय’ म्हणून वाखाणतात. तिने लेन्सचं भोक एफ ४ पर्यंत लहान केलं. पट्टा दुप्पट झाला, सात-साडेसात सेंटिमीटर. त्यात मोती, नथ आणि दोन्ही डोळे मावले. मागे तसंही अंधारच होता, ब्लरचं अडलं होतं कुणाचं?

एवढं झाल्यावर कुणीही म्हणालं असतं, "हं, आता हस." ती म्हणाली, "तुझ्या चुड्यात बांगड्या किती आहेत?" लेक म्हणाली, माहीत नाही, कासाराने भरल्या. "मोज ना." लेकीने मान खाली घालून हिरव्या बांगड्या एकेक सरकवत मोजायला सुरुवात केली. पिवळी अष्टपुत्री, तिच्या मामाने आणलेली, तिचा उजेड खालून हनुवटीला लागत होता. खिडकी तिच्या बाजूला, बाहेर कुणीतरी मोठ्याने जिलबीचा हिशेब करत होतं. सात, आठ, नऊ. मग बाहेर मेहुणा ओरडला, "मठ्ठा कुठाय?" आणि लेकीची मोजणी चुकली. तिने वर बघितलं. हसली नव्हती, वैतागलीही नव्हती. दहावीत असताना पाढे म्हणताना चुकली की माझ्याकडे बघायची ते बघणं. शटरचा आवाज एकदाच आला.

तो फोटो बघितल्यावर आमची ही बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "रंग आपलाच आहे." यापेक्षा जास्त तारे मला देता येत नाहीत.

गौरीहराचे फोटोही तिनेच काढले. अन्नपूर्णेपुढे एकटी बसून लेक चिमूटचिमूट अक्षता वाहतेय आणि खोलीत दुसरं कुणी नाही. लग्नाच्या दिवशी मुलगी एकटी असते ती तेवढीच. त्या वेळी कॅमेऱ्याचा आवाजही नव्हता, सायलेंट शटर लावलं होतं.

इथून पुढे तक्रारी.

जोडीच्या मुलाने तेच सायलेंट शटर हॉलमध्ये मंगलाष्टकांच्या वेळी लावलं. हॉलमध्ये एलईडीच्या माळा. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे स्वस्तातले एलईडी सेकंदाला शंभर वेळा मिणमिणतात, डोळ्याला पत्ता लागत नाही. सायलेंट शटर चित्र एका दमात घेत नाही, वरून खाली ओळीओळीने वाचत जातं, आमच्या स्कॅनरसारखं. मधेच दिवा मंद झाला की तेवढा पट्टा काळपट. अंतरपाट धरलेला, मामा मागे उभा, सगळ्यांच्या हातात अक्षता, आणि अख्ख्या फोटोवर आडवे पट्टे, जणू शटर ओढलेल्या दुकानातून लग्न बघतोय. असे तेवीस निघाले. अंतरपाट दूर होतानाचा क्षण त्यातच गेला. साधं शटर लावून वेग १/१०० सेकंदाला ठेवला असता तर काही झालं नसतं. ती आठ दिवस आधी स्टेज बघायला दोन मिनिटं थांबली असती तर हे तिच्या लक्षात आलं असतं, असं मी तिला सांगितलं. तिने मान्य केलं. पण अंतरपाट काही परत धरता येत नाही.

संध्याकाळच्या रिसेप्शनला डेकोरेशनवाल्याने जांभळे दिवे मारले होते. यात दोष तिचा कमी. नुसत्या जांभळ्या एलईडीखाली कातडीचे बाकीचे रंग पोचतच नाहीत, आणि जो रंग उजेडातच नाही तो कागदावर आणायचा कुठून? पण डेकोरेशनवाल्याला आधी फोन करून "माणसांवर पांढरा ठेवा" एवढं सांगणं तिचं काम होतं. तुम्ही स्वतः सांगा, कुणावर सोडू नका. रांगेच्या फोटोंत आत्याचे डोळे चारही वेळा मिटलेले आहेत. आत्या म्हणते तिने उघडे ठेवले होते.

सूनमुख मात्र साधलं. सासूबाई हातात आरसा धरून सुनेचं तोंड बघतात, तो विधी. एरवी फोटोवाला समोरून फ्लॅश मारतो आणि आरशात सुनेऐवजी चांदणं उगवतं. आमची फोटोग्राफर तिरकी, जवळजवळ विहीणबाईंच्या खांद्याला चिकटून बसली. आरशातल्या चेहऱ्यावर फोकस करायचा तर आरशापर्यंतचं अंतर धरून चालत नाही, आरशापासून चेहऱ्यापर्यंतचंही त्यात मिळवावं लागतं, नाहीतर चांदीची चौकट स्पष्ट येते आणि सून धूसर. तिच्या फोटोत चौकट धूसर आहे, आरशात लेकीचे डोळे आहेत आणि कडेला विहीणबाईंचा अर्धा गाल. त्यांना हा फोटो आवडला नाही, कारण त्यांचा अर्धाच गाल आला. त्यांच्या जागी मी असतो तर मलाही नसता आवडला.

आता अल्बम. गुढीपाडव्याला देते म्हणाली होती. आला तेव्हा पालख्या पुण्यात होत्या. लक्ष्मी रोड बंद, आमची नारायण पेठ बंद, आणि ती डेक्कनला गाडी लावून, वारकऱ्यांच्या गर्दीतून, आठ-नऊ किलोंची पेटी खांद्यावर घेऊन चालत आली. दारात घामाघूम पोरगी बघून माझा अर्धा राग तिथेच उतरला. हिने आधी तिला पाणी दिलं, मग पेटी उघडली, तेव्हा उरलेला अर्धा दुपटीने चढला.

उघडल्यावर १२ बाय ३६ इंच, चाळीस पानं, करिझ्मा म्हणतात तो प्रकार. वेलवेटची पेटी. आत पहिल्या पानावर ढग. ढगांत लेक-जावई. चौथ्या पानावर इंग्रजीत ‘हॅपिली एव्हर आफ्टर’, वर दोन कबुतरं. बांगड्या मोजतानाचा फोटो दोन पानांवर पसरलेला, आणि नाक बरोब्बर मधल्या घडीत. हे सगळं एक वेळ हसून सोडलं असतं. पण चेहरे! सगळे गोरे. लेक गोरी, जावई गोरा, शहाऐंशी वर्षांची माझी आई गोरी आणि सुरकुत्यांशिवाय. भिंग काढायचीही गरज पडली नाही, सायन कुठे गेला ते चष्म्याशिवाय दिसत होतं. ज्या कारणासाठी तिला निवडलं तेच पुसून टाकलेलं.

ती खाली बघून म्हणाली, "काका, अल्बम मी बाहेर देते. डिझायनर सगळ्यांचं स्किन एकदमच करतो. मी शेवटी बघायला हवं होतं. पण लोक तेच मागतात हो."

लोक तेच मागतात हे मला कोण सांगणार. मी काही बोललो नाही. हीच आतून म्हणाली, "आम्ही नव्हतं मागितलं."

पानं परत छापून देते म्हणाली. मी नको म्हटलं. अल्बमचे अर्धे पैसे परत घेतले आणि मूळ फोटो, हात न लावलेले, पूर्ण साइजचे, पेन ड्राइव्हवर मागितले. दुसऱ्या दिवशी आणून दिले, कुरकुर न करता. हा मुद्दा करारातच लिहून घ्या. व्हॉट्सॲपवर आलेल्या फोटोचा मोठा प्रिंट निघत नाही. २४ मेगापिक्सेलचा मूळ फोटो असेल तर ३०० डीपीआयला, म्हणजे इंचाला ३०० ठिपके धरून, २० बाय १३ इंचांपर्यंत निवांत जातो. मी आठ फोटो निवडले, आमच्या जुन्या सोबत्याकडे बसून एकेकाचा रंग बघितला, आणि मॅट कागदावर १२ बाय १८ काढून घेतले. ढग नाहीत, कबुतरं नाहीत. आठांचे मिळून तीन हजारही झाले नाहीत. आता पाहुणे आले की पेटी कपाटावर राहते आणि हे आठ बाहेर येतात.

लेकीचा तो फोटो तिच्या सासरी हॉलमध्ये लागलाय. आईचा, पंगतीत मठ्ठ्याची वाटी दोन्ही हातांनी तोंडाला लावलेला, सगळ्या सुरकुत्यांसकट, तिच्या पलंगासमोर आहे. ती येईल त्याला दाखवून सांगते की त्या दिवशी मठ्ठ्यात आलं जास्त झालं होतं.

आठवा हिचा. हिला कॅमेरा दिसला की ही पदर सारखा करून कामाचं निमित्त काढते, म्हणून सबंध लग्नात हिचा धड फोटो नाही. एकच आहे, ओटीचे नारळ मोजताना, दाराच्या उजेडात, ओठ किंचित हलताहेत, केसांची एक बट सुटलेली. तिला कळायच्या आत काढलेला. रंग जसा आहे तसा. मी फ्रेमही करून आणली. ही म्हणते, भिंतीवर लावायचा नाही, भिंतीवर मेलेल्या माणसांचे लावतात. त्यामुळे सध्या तो कपाटाच्या बाजूला, भिंतीकडे तोंड करून उभा आहे. रोज केर काढताना ही तो उचलते, पुसते आणि परत तसाच ठेवते.